डोंगल, डेव्हिएशन आणि आईचा ट्रान्झिस्टर

पहिल्या दिवशी लॅपटॉपवर विविध भारती लागली ती अशी, की गाणं ओळखू येत होतं पण मधे मधे कुणीतरी तापल्या कढईत मोहरी टाकल्यासारखं तडतडत होतं, आणि स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एयूएयूएयू अशी अक्षरं रांगेने पळत होती. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुझ्या त्या मशीनला उचकी लागलीय का रे?" तिचा ओट्यावरचा जुना ट्रान्झिस्टर तेच गाणं अगदी निवांत वाजवत होता. दोन सेल, एक चकरी, बास. आणि मी आयटीतला, सोळा जीबी रॅमवाला, उचकी थांबवू शकत नव्हतो.

तर हे सगळं त्या उचकीपासून सुरू झालं. आरटीएल-एसडीआर म्हणतात तो डोंगल, पेनड्राइव्हएवढा. मुळात यूएसबीवर टीव्ही बघायला बनवलेली चिप आहे ती, आरटीएल२८३२यू, आणि पुढे आर८२०टी२ नावाचा ट्यूनर. हवेतला सिग्नल पकडून त्याचे आठ बिटांचे सॅम्पल, म्हणजे क्षणाक्षणाला घेतलेली मोजमापं, लॅपटॉपला पाठवायचे एवढंच त्याचं काम, बाकी रेडिओ आपण सॉफ्टवेअरमधे बनवायचा. मी जीएनयू रेडिओ नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात ठोकळे ओढायचे, रेघांनी जोडायचे, आणि प्रत्येक ठोकळ्यात आकडे भरायचे. जे काम खऱ्या रेडिओत कॉइल आणि कपॅसिटर करतात ते इथे आकडे करतात, आणि आकडा चुकला तर धूर येत नाही, वास येत नाही, नुसता आवाज वाईट येतो. कुठला आकडा चुकलाय ते मात्र कोणी सांगत नाही.

उचकीचं कारण साधं निघालं पण मला तीन तास लागले. उदाहरणातून उचललेल्या फ्लोग्राफमधे, म्हणजे ठोकळ्यांच्या जोडणीत, सॅम्पल रेट, सेकंदाला किती सॅम्पल तो, २४ लाख होता. त्याला १० ने भागून २ लाख ४० हजार, तिथे एफएम डिमॉड, म्हणजे सिग्नलमधून आवाज काढणारा ठोकळा, मग ५ ने भागून ४८ हजार, हा साउंड कार्डाचा रेट. सगळं गणित बसलेलं. मी कुठेतरी वाचलं की २० लाख ४८ हजार हा रेट डोंगलला जास्त मानवतो, म्हणून फक्त तो एक आकडा बदलला. आता भागाकार करून बघा, शेवटी येतात ४०,९६०. साउंड कार्ड सेकंदाला ४८ हजार मागतंय आणि मी एक्केचाळीस हजारसुद्धा देत नाहीये, मग ते बिचारं मधे मधे उपाशी राहतं आणि ते एयू म्हणजे ऑडिओ अंडररन, भूक लागल्याची बोंब. २४ लाखावर परत गेलो, उचकी थांबली. तेव्हापासून आकडा हाताने लिहायचा नाही, व्हेरिएबल करायचं आणि बाकीचे त्याच्यावरून काढायचे असं ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणतोय, पुढे मोडलंच ते.

मग दुसरा रोग. शांत गाणं छान, निवेदिकेचा आवाज छान, पण जाहिरात लागली की फाटायचं. ढोलकी वाजली की फाटायचं. मला वाटलं स्पीकर, हेडफोन लावला तरी तेच. झालं असं होतं की माझ्या डोक्यात बसलेलं, एफएमवर ऑडिओ १५ किलोहर्ट्झपर्यंत असतो, म्हणून डिमॉडच्या आधीचा लो-पास फिल्टर, ठरवलेल्या कट-ऑफपलीकडचं सगळं कापणारा, मी १५ किलोहर्ट्झला लावलेला. हुशारी नडली. एफएममधे आवाजाचा मोठेपणा म्हणजे फ्रिक्वेन्सी किती लांब सरकते ते, त्याला डेव्हिएशन म्हणायचं, आणि ब्रॉडकास्टमधे ते दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत जातं. गायिका हळू गाते तेव्हा सिग्नल मधल्यामधे हलतो, माझ्या अरुंद दारातून मावतो. ढोलकी पडली की तो पार बाहेर जातो आणि दार त्याचे हातपाय कापतं. म्हणजे रोग आवाजाच्या मोठेपणावर ठरत होता, हेच तर लक्षण होतं, पण लक्षण वाचता यायला हवं ना.

किती रुंद ठेवायचं त्याला कार्सनचा नियम आहे: डेव्हिएशन अधिक ऑडिओची सगळ्यात वरची फ्रिक्वेन्सी, गुणिले दोन. ७५ अधिक १५, दुप्पट, १८० किलोहर्ट्झ. गंमत म्हणजे हाच जॉन कार्सन, अमेरिकन इंजिनीअर, १९२२ साली गणित मांडून सांगत होता की एफएमने काही फायदा नाही, आणि मग १९३३ मधे एफएमचा जनक आर्मस्ट्राँगने पेटंटं घेऊन आणि नंतर प्रत्यक्ष वाजवून दाखवलं की रुंद जागा घेतली तर खरखर जवळजवळ नाहीशी होते. ज्याने नाही म्हटलं त्याच्याच नियमाने आज आपण रुंदी काढतो. असो. अजून एक खाच, जिच्यात मी परत पडलो: इथे सॅम्पल कॉम्प्लेक्स, म्हणजे दोन-दोन आकड्यांच्या जोड्या असतात, फिल्टर शून्याच्या दोन्ही बाजूंना उघडतो, म्हणून १८० ची रुंदी हवी तर कट-ऑफ ९० लिहायचा. मी आधी १८० लिहिला आणि शेजारची खरखर पण घरात घेतली. शेवटी १०० चा कट-ऑफ, ३० चं ट्रान्झिशन, म्हणजे उघड्यापासून बंदपर्यंतचा उतार. ट्रान्झिशन फार कडक ठेवलं तर फिल्टर लांबलचक होतो आणि लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडतो.

गेनबद्दल, म्हणजे ट्यूनरने सिग्नल किती वाढवायचा त्याबद्दल, माझा गैरसमज जरा जास्तच आत्मविश्वासाचा होता. एफएम डिमॉडच्या आतला क्वाड्रेचर डिमॉड काय करतो, आधीच्या आणि आत्ताच्या सॅम्पलमधला कोन किती फिरला ते बघतो, सॅम्पल लहान की मोठं याच्याशी त्याला घेणं नाही. म्हणजे गेन कितीही ठेवा, बरोबर? म्हणून मी ठेवला फुल्ल, ४९.६ डेसिबल. आणि मग जिथे काहीच नसायला हवं तिथेही स्टेशन दिसायला लागली, एकाच निवेदकाचा आवाज तीन तीन ठिकाणी. पुण्यात डोंगराच्या आजूबाजूला राहायचं, वर सात-आठ दणकट स्टेशनं, आणि ट्यूनरच्या नाकात सगळी एकदम कोंबायची, मग ते आतल्या आत एकमेकांत मिसळून भुतं तयार करतं. कोन बरोबर मोजला जातो हे खरं, पण सिग्नल तिथपर्यंत धड पोचला तर. गेन वीसच्या आसपास आणला, भुतं गेली.

स्पेक्ट्रमच्या, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती ताकद त्या चित्राच्या, बरोबर मधे एक टोकदार खिळा उभा असतो, कुठेही ट्यून करा तो तिथेच. त्याच्यासाठी डोंगल अडीचशे किलोहर्ट्झ बाजूला ट्यून करायचा आणि सॉफ्टवेअरमधे परत तेवढं सरकवायचं. एवढंच. मी अधिक-उणे उलटं केलं आणि अर्धा तास रिकाम्या जागेची खरखर मन लावून ऐकली, त्यावर जास्त बोलत नाही.

आता सगळं नीट वाजत होतं असं माझं मत. संध्याकाळी आईला बोलावलं, जुनी गाणी लागली होती, म्हटलं ऐक. तिने ऐकलं, मान तिरकी केली, आणि आत जाऊन ट्रान्झिस्टर घेऊन आली. लॅपटॉपशेजारी ठेवला. "हे बघ, ह्याच्यात बांगड्या वाजतात. तुझ्यात बाई तोंडाला मफलर बांधून गातेय."

मी आधी वाद घातला. लॅपटॉपचे स्पीकर, तुझ्या रेडिओचा छोटा स्पीकर मुळातच चिरका, वगैरे. मग हेडफोनवर दोन्ही आळीपाळीने ऐकलं आणि गप्प बसलो, कारण 'स' खरंच बोथट होता. तर कारण असं की एफएमवर पाठवताना वरच्या फ्रिक्वेन्सी मुद्दाम चढवून पाठवतात, त्याला प्री-एम्फसिस म्हणतात, आणि ऐकताना तेवढ्याच उतरवायच्या, तो डी-एम्फसिस, म्हणजे चढवलेलं खाली येताना वरची खरखर पण खाली येते. किती चढवायचं ते मायक्रोसेकंदात सांगतात. भारतात आणि युरोपात ५०, अमेरिकेत ७५. आणि मी वापरत होतो तो तयार ठोकळा अमेरिकन हिशोबाने ७५ धरून बसलेला, वर माझ्या व्हर्जनमधे तो आकडा बाहेर दिसतसुद्धा नव्हता, आत लपलेला. पन्नासचं पाठवलेलं पंच्याहत्तरने उतरवलं की वरच्या टोकाला साधारण साडेतीन डेसिबल जास्त कापले जातात. कागदावर हा फरक काहीच वाटत नाही. आईला बांगड्या वाजत नाहीत एवढ्यावरून कळला. तयार ठोकळा काढून टाकला, क्वाड्रेचर डिमॉड वेगळा आणि डी-एम्फसिस वेगळा लावला, त्यात ५० लिहिलं. आईने परत ऐकलं आणि "हं" म्हणाली. आमच्याकडे हं म्हणजे पास.

ठोकळे सुटे केल्याचा अजून एक फायदा झाला, डिमॉडनंतर लगेच स्पेक्ट्रम बघता आला. दुसऱ्या एका स्टेशनवर १९ किलोहर्ट्झला एक बारीक, अजिबात न हलणारी रेघ दिसली, स्टिरिओचा पायलट टोन. आपल्याला ऐकू येत नाही पण असतो तो तिथे, आणि त्याच्या दुप्पट ३८ वर डावा-उजवा आवाजातला फरक चिकटवलेला. त्या रेघेकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो, उगाच.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माझ्याकडे हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचं, लायसन्स आहे, परीक्षा देऊन काढलेलं, कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, आहे, आणि समोरच्या बिल्डिंगमधे एक काका आहेत, ते माझ्या जन्माच्या आधीपासून हॅम. संध्याकाळी मंडळी दोन मीटर बँडवर गप्पा मारतात, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. म्हटलं डोंगलवर ते ऐकू. तोच फ्लोग्राफ, फ्रिक्वेन्सी बदलली, आणि काय, लांबून कुणीतरी गुहेत कुजबुजतंय असं. कारण क्वाड्रेचर डिमॉडमधला गेन म्हणजे सॅम्पल रेट भागिले (दोन π गुणिले डेव्हिएशन), त्यात मी ७५ हजार ठेवलेले. हॅमवाले बोलतात ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनने. पंधरावा हिस्सा. कुजबुजच येणार. ५ हजार केले, फिल्टर ८ किलोहर्ट्झला आणला, कारण ५ अधिक ३ दुप्पट म्हणजे १६ ची रुंदी, निम्मा कट-ऑफ ८, ह्या वेळी बरोबर केलं, डिमॉडचा रेट ४८ हजार. आता आवाज मोठा आला पण प्रत्येकजण नाकातून आणि फाटका.

हे मला झेपेना. काकांना फोन केला तर म्हणाले, "अरे, तुझा क्रिस्टल बघितलास का?" माझा डोंगल स्वस्तातला, त्यातला क्रिस्टल, म्हणजे घड्याळासारखा ठोका देणारा भाग, दहा लाखात किती चुकतो ते कोणी तपासलेलं नाही. विविध भारती ऐकताना चूक कळली नाही कारण तिथे दोनशे किलोहर्ट्झची रुंद दारं, पाच किलोहर्ट्झ इकडे तिकडे कोणाला कळतंय. इथे सोळाचं दार.

मोजायची युक्ती मात्र मला माझी मी सुचली, म्हणून सांगतोच. ट्यूनिंग सरकलेलं असलं तर डिमॉड काय म्हणेल? सिग्नल सतत थोडा एका बाजूला आहे असं म्हणेल, म्हणजे आउटपुटची सरासरी शून्य यायच्या ऐवजी काहीतरी येईल. परत विविध भारतीच्या १०१ मेगाहर्ट्झवर गेलो, डेव्हिएशन ७५ हजार, आणि डिमॉडनंतर लांब सरासरी काढणारा ठोकळा लावून आकडा बघत बसलो. गाणं चालू, आकडा हलतोय, हलतोय, आणि मग ०.०७ वर बसला. ०.०७ गुणिले ७५ हजार, ५,२५० हर्ट्झ. भागिले १०१. बावन्न. माझा डोंगल दहा लाखात ५२ चुकतो, आणि १४५ मेगाहर्ट्झला त्याचे होतात साडेसात किलोहर्ट्झ, म्हणजे अर्धा माणूस दाराच्या बाहेर. करेक्शनच्या खान्यात ५२ टाकले तर सरासरी ०.१४ झाली! उणे टाकायला हवं होतं. उणे ५२ टाकले, आकडा शून्याला येऊन टेकला, आणि संध्याकाळी सगळ्यांची नाकं मोकळी झाली. एक आहे, डोंगल तापेपर्यंत वीसेक मिनिटं आकडा सरकत राहतो, तेव्हा चहा घ्यायचा, मोजायचं नाही.

मग पाठवायची खाज. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं, डोंगल फक्त ऐकतो. हॅकआरएफ मित्राकडून आणला, काही मिलिवॉटच देतो, पण पुढे लो-पास फिल्टर लावल्याशिवाय अँटेना जोडायची नाही असा काकांचा दम होता, कारण तो हार्मोनिक्स, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट जागी निघणारा कचरा, सढळ हाताने वाटतो. आणि हे सगळं फक्त हॅम बँडात, फक्त लायसन्सवर. १०१ वर स्वतःचं स्टेशन वगैरे डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका.

पाठवण्याचा फ्लोग्राफ ऐकण्याच्या उलटा: माइक ४८ हजार, दहापट करून ४ लाख ८० हजार, तिथे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेटर, आवाजाप्रमाणे फ्रिक्वेन्सी सरकवणारा, मग पाचपट करून २४ लाख. मॉड्युलेटरमधे एकच आकडा असतो, सेन्सिटिव्हिटी, दोन π गुणिले डेव्हिएशन भागिले रेट. मी आदल्या आठवड्यात १ लाख ९२ हजारांच्या रेटवर खेळत होतो तेव्हा कॅल्क्युलेटरवर काढून ०.१६३६ लिहून ठेवलेला. रेट बदलला. आकडा तसाच. (वर काय ठरवलं होतं ते आठवतंय ना.)

काका हँडसेट घेऊन गॅलरीत, मी इकडे खिडकीत. कॉलसाइन दिलं, बोललो. काकांनी हात हलवला, आधी वाटलं कौतुक, मग फोन आला. "पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवतोयस. शब्द एक कळत नाही. आणि शेजारच्या चॅनेलवर पण तूच आहेस. बंद कर आधी."

हिशोब केला तर ०.१६३६ आणि ४ लाख ८० हजार म्हणजे डेव्हिएशन साडेबारा किलोहर्ट्झ. पाचाच्या जागी साडेबारा, बरोबर अडीचपट, रेट जितका वाढवला तितकाच. ०.०६५४ हवं होतं. ह्यावेळी आकडा नाही, सूत्रच लिहिलं खान्यात. पण आता माझा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता, म्हणून काकांना विचारलं, खरंच पाच आहे हे तपासायचं कसं? ते म्हणाले, "बेसेल नल कर. आम्ही काट्याच्या मीटरवर करायचो, तुला तर चित्र दिसतं."

युक्ती भारी आहे. एकाच सुराने मॉड्युलेट केलं, आणि डेव्हिएशन त्या सुराच्या फ्रिक्वेन्सीच्या २.४०५ पट झालं, की मधला कॅरियर, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीची रेघ, पूर्ण नाहीसा होतो, सगळी शक्ती बाजूच्या रेघांत जाते. पाच किलोहर्ट्झ हवं तर ५००० भागिले २.४०५, म्हणजे २,०७९ हर्ट्झचा सूर. अँटेना काढली, हॅकआरएफ आणि डोंगल केबलने जोडले, मधे सिग्नल कमी करणारे ३० डेसिबलचे दोन अटेन्युएटर, नाहीतर डोंगल जायचा. माइकच्या जागी सूर. स्पेक्ट्रमवर कंगव्यासारख्या रेघा उभ्या राहिल्या, मधली सगळ्यात महत्त्वाची, आणि स्लायडरने डेव्हिएशन शून्यापासून वाढवत नेलं की मधली रेघ बसत जाते, बसत जाते, आणि एका जागी खरंच गायब, खालच्या गवतात दिसेनाशी, जरा पुढे नेलं की परत डोकं वर काढते. ती जागा बघून मी जोरात "अरे!" म्हणालो. पण स्लायडर कुठे होता? ३,५७० वर. ५,००० वर नाही.

रात्री दीडपर्यंत सूत्र तपासलं, सुराचा मोठेपणा तपासला, एक म्हणजे एकच होता. शेवटी कळलं ते इतकं जवळचं होतं की हसू आलं: पाठवण्याच्या फ्लोग्राफमधला प्री-एम्फसिस चालू होता. ७५ मायक्रोसेकंदाचा. २,०७९ हर्ट्झला तो सूर जवळजवळ १.४ पट मोठा करून पुढे देतो, आणि ३,५७० गुणिले १.४ म्हणजे पाच हजारच. नल बरोबर होता, पाच किलोहर्ट्झवरच आला होता, मीच दोन ठिकाणी मोजत होतो. प्री-एम्फसिस बायपास केला, स्लायडर पाच हजारावर नेला, रेघ गेली. पण ह्यातून हेही कळलं की प्री-एम्फसिस लावून बोललो तर 'स', 'श', 'च' पाचाच्या बाहेर जाणार, म्हणून त्याच्यानंतर एक लिमिटर घातला जो एकच्या वर काही जाऊ देत नाही, आणि लिमिटरनंतर तीन किलोहर्ट्झचा लो-पास, कारण कापलेल्या कडांतून वरचा कचरा निघतो.

रविवारी परत खिडकीत. फिल्टर, अँटेना, कॉलसाइन, आणि काय बोलावं सुचेना म्हणून आज आमच्याकडे थालीपीठ आहे असं सांगितलं. काका गॅलरीत हँडसेट कानाला लावून उभे. थोडा वेळ काहीच नाही. मग डोंगलवरून, स्वच्छ, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या असा आवाज आला: "फाइव्ह नाइन. थालीपीठ कळलं. आता तो तुझा पंखा बंद कर, पंखा पण कळतोय." फाइव्ह नाइन म्हणजे शब्द स्पष्ट, सिग्नल दणकट.

माइकच्या पुढे ३०० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याच्या खालची घरघर कापणारा फिल्टर, टाकायचा राहिलाच होता. तोवर पंखा बंद केला.